सत्तावीस इंचांचा बोळ

नकाशाबाईची पर्स बोळात अडकली नाही, आणि ती जागीच थांबली.

एकोणीस वर्षं ती पर्स तिथे अडकत आली होती. अंगणातून मागच्या नळाकडे जायला शिवणखोलीची भिंत आणि विटांचा खांब यांच्यामधून एवढी एकच वाट. सत्तावीस इंचांची. ही इमारत बाईनेच आखलेली, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? खांद्यावरची पर्स खांबाला घासायची, बाई अंग तिरकं करून वळायची आणि पुढे जायची. शरीराला हे इतकं पाठ झालं होतं की आजही ती सवयीने वळली. वळायची काही गरजच पडली नाही. दोन्हीकडे चांगली चार-चार बोटं जागा उरली.

दुसरं कुणी असतं तर बरं झालं म्हणून पुढे गेलं असतं. पण विटेचं काम आपणहून मागे सरत नाही, एवढं तिला कळत होतं. तिने पर्समधून टेप काढली. खात्रीसाठी दोनदा धरली. बोळ चौतीस इंच भरला. मग तिने खांब मोजला. अठराचा खांब अकरावर आला होता.

काम मात्र नजर लागेल असं. गिलावा गुळगुळीत, कोपरा हात फिरवावासा वाटेल असा गोल, वर रंगाचे दोन हात. इतक्या सफाईने कुणी कापलंय म्हटल्यावर ते कुणी कापलं असेल हेही तिला लगेच कळलं. तिने मान वर केली. जिथे तुळई खांबावर टेकली होती तिथून एक तिरपी भेग खाली आली होती. वर कुणीतरी खुर्ची ओढली, आणि भेगेतून चिमूटभर लाल भुकटी तिच्या चपलेवर पडली.

वर शंभर-सव्वाशे माणसं बसली होती. तिच्याच सत्काराला.

तिला सगळे नकाशाबाईच म्हणत. पस्तीस वर्षं ती घरं बांधत आली होती, आणि तीही अशा माणसांची, ज्यांच्यासाठी कुणी नकाशा काढायच्या भानगडीत पडत नाही: झाडूवाले, हमाल, धुणीभांडी करणाऱ्या बाया. तिची पद्धत जगावेगळी होती. कागदावरच्या रेघा लोकांना कळत नाहीत म्हणून ती खडूने जमिनीवर खऱ्या मापाचं घर आखायची. माणसांना त्यात फिरवायची, ओटा इथे की तिथे ते विचारायची, आणि शेवटी हात वर करून निकाल. त्या पद्धतीवर पुस्तकं निघाली, लांबलांबून लोक शिकायला आले. सगळे म्हणत, बाईचं मन मोठं. तिचा धाकटा भाऊ इंजिनियर होता, तिच्या इमारतींच्या वजनाचं गणित तोच करायचा. तो म्हणायचा, "मन मोठं वगैरे काही नाही. ताई एकटीने ठरवायला घाबरते." आणि त्यात खोटं काही नव्हतं. नकाशाबाई पहिल्यापासून भित्री. गॅस बंद केला का ते बघायला जिन्यातून तीनदा परत फिरणारी.

आज त्या भित्र्या बाईचा सत्कार, या इमारतीला एकोणीस वर्षं झाली म्हणून. छत्तीस घरांची माणसं पहिल्या मजल्याच्या रुंद सज्ज्यावर खुर्च्या मांडून बसली होती. पाच वाजता घरबांधणी खात्याचे साहेब येणार होते आणि हाच नकाशा घेऊन आणखी पन्नास इमारती बांधणार असं जाहीर करणार होते. बाई हात धुवायला म्हणून खाली आली होती. सव्वाचार झाले होते. सज्जा तीन खांबांवर उभा होता, आणि मधला हा.

तिने धाकट्याला फोन लावला.

"भेगेत नाणं जातं का बघ," तो म्हणाला.

तिने पर्समधून नाणं काढून लावलं. "जातं. अर्धं."

"भुकटी जुनी की ताजी?"

"आत्ता पडतेय. माझ्यासमोर."

पलीकडे त्याने किल्ल्या उचलल्याचं तिला ऐकू आलं. मग म्हणाला, "ताई, तू उभी कुठे आहेस?"

"खांबाजवळ."

"म्हणजे तुळईखाली. आधी बाहेर ये."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती झपाट्याने अंगणात आली.

"आता ऐक. माणसं उतरव. पण एकदम नको. सव्वाशे माणसं एका झटक्यात उठून जिन्याकडे पळाली, तर त्या हादऱ्याने जे व्हायचं ते होईल. थोडी थोडी, दोन्ही जिन्यांनी. सगळी उतरली की टेकू लावा. मी निघालोय, अर्धा तास लागेल."

"त्यांना खरं सांगू?"

"सांगितलंस तर पळतील."

फोन ठेवते तोच गवंडीमामा जिन्यावरून खाली आला. ही इमारत त्याच्याच हातची, आणि आता तो त्याच इमारतीत, तळमजल्यावर मागच्या खोलीत, बहिणीसोबत राहायचा. "बाई, वर सगळे खोळंबलेत," म्हणेपर्यंत त्याचं लक्ष तिच्या हातातल्या टेपकडे गेलं. तो तिथेच पायरीवर बसला.

"किती महिने झाले?" तिने विचारलं.

"आठ."

"मामा, तुम्ही स्वतः बांधलेला खांब. कापायचा नसतो हे तुम्हाला मी सांगायचं?"

"तुमचे भाऊच म्हणायचे ना तेव्हा," तो खाली मान घालून म्हणाला. "जेवायला बसलो की रोज म्हणायचे, ताईचे खांब भीतीने जाड झालेत, निम्मे असते तरी पुरले असते. मी म्हटलं, मोठे इंजिनियर म्हणतायत तर निम्मे पुरतील. मी तर निम्मापण नाही कापला. सातच इंच."

बाईला हसावं की रडावं कळेना. जेवणाच्या डब्यावरची थट्टा या माणसाने एकोणीस वर्षं गणित म्हणून जपून ठेवली होती. "मग शिवणखोलीची भिंत का नाही सरकवलीत? तिच्यावर काही वजन नाही."

"भिंत बटणकाकूंची. फळ्या आहेत त्यांच्या तिला. बैठक बोलवावी लागली असती, हात वर करावे लागले असते." त्याने खांबाकडे मान वळवली. "खांब कुणाचाच नव्हता."

बोलत बसायला वेळ नव्हता. शेजारच्या रस्त्यावर बांधकाम चालू होतं. तिथून लोखंडी टेकू आणायला तिने त्याला पिटाळलं आणि अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. वरून सव्वाशे तोंडं तिच्याकडे बघायला लागली. काही माणसं उठून कठड्याशी आली, सगळी एकाच बाजूला.

"बसा, बसा. खाली बसा आधी," ती म्हणाली. आवाज फाटला होता. तेवढ्यात अंगणात तिवईवर कॅमेरा लावत बसलेले फोटोवाले काका तिला दिसले, आणि काय बोलायचं ते सुचलं. "भाषणाआधी फोटो काढायचेत. प्रत्येक घराचा वेगळा, इथे अंगणात. मी नंबर पुकारीन. पुकारल्याशिवाय कुणी उठायचं नाही. सम नंबर उजव्या जिन्याने, विषम डाव्या. घाई केली तर फोटो हलतो."

शेवटच्या वाक्याला काही अर्थ नव्हता, पण लोकांना पटलं. फोटो म्हटल्यावर माणसं शहाण्यासारखी वागतात.

पुढची वीस मिनिटं तिला जन्मभर पुरली. घर नंबर तीन खाली आलं, तर त्यांचे आजोबा चष्मा विसरले म्हणून परत वर. घर पाचमधल्या दोन जावांची कोण मध्ये उभं राहणार यावरून जुंपली. घर नऊला केस विंचरायचे होते, आणि फणी एकच. एरवी नकाशाबाई हे सगळं बघून हसली असती. आज एकेक केस विंचरला जाताना तिची नजर तुळईवरून हलत नव्हती. वर मुलं धावली की "मुलांना मांडीवर घ्या," ती ओरडायची, आणि लोक म्हणायचे, बाई आज भारी कडक झाल्यात. उतरलेल्यांनी फाटकाजवळ थांबायचं, कुणीही सज्ज्याखाली जायचं नाही, असं तिने सांगितलं होतं. का, ते कुणी विचारलं नाही. तिच्यावर त्यांचा इतका विश्वास होता, आणि त्याचंच तिला जास्त भय वाटत होतं.

बारावं घर उतरलं तेव्हा गवंडीमामा दोन माणसांबरोबर टेकू घेऊन आला. धापा टाकत होता.

"तुमची बहीण कुठे?" बाईने विचारलं.

"कुठे म्हणजे? खोलीत."

"वर नव्हती?"

"वर कशी येणार ती?" तो म्हणाला, जणू बाईने काहीतरी विचित्रच विचारलं होतं.

सत्कार सज्ज्यावर ठेवताना छत्तीस घरांत एकालाही हे सुचलं नव्हतं. सत्कार ज्यांचा होता त्यांनाही नाही. मामाच्या बहिणीला सगळे अक्का म्हणत. लहानपणापासून पाय गेलेले, खुर्ची चाकांची. तिची खोली बोळाच्या पलीकडे, आणि तिथून बाहेर यायला त्या खांबाजवळून, त्या तुळईखालून येणारी ती एकच वाट. टेकू लावले की ती वाट बंद होणार होती. आणि त्याआधीच काही झालं, तर खोलीसमोर ढीग.

बाईने नंबरांची यादी बटणकाकूंच्या हातात दिली. काकू शिवणखोलीच्या प्रमुख, काजं-बटणं करण्यात हयात गेलेली, हुकूम सोडायला मिळाला की त्यांना जेवण लागत नाही. "तेरा नंबर," काकू गरजल्या, आणि तेरा नंबर निमूटपणे उठला. मामा बोळाकडे निघाला होता. बाईने त्याचा हात धरला. "तुमची कंबर गेलीय. मी जाते." खरं म्हणजे तिला जायचं नव्हतं. पण दुसऱ्या कुणाला त्या तुळईखाली पाठवायची तर तिला त्याहून भीती वाटत होती.

आठ पावलांचा बोळ तिने खांबाकडे न बघता ओलांडला.

अक्का खिडकीशी बसून एका शर्टाची बाही उसवत होती. खोली नीटनेटकी. सगळ्या वस्तू बसल्या जागेवरून हाताला येतील अशा, कमरेच्या उंचीला.

"अक्का, बाहेर चला. फोटो काढायचाय."

"मला नको फोटो," अक्का म्हणाली. "माझा आहे की एक तुमच्याकडे."

होता. भावाच्या पाठीवर बसून बोळातून बाहेर येणारी अक्का, मामाच्या बगलेत मिटलेली खुर्ची. फार वर्षांपूर्वी बाईनेच काढलेला. प्रत्येक व्याख्यानात ती तो पडद्यावर दाखवायची, खाली एकच शब्द लिहिलेला असायचा, 'जिव्हाळा'. लोक टाळ्या वाजवायचे. बहिणीला पाठीवर का न्यावं लागतंय, हे ना कुणी विचारलं, ना तिला सुचलं.

"खांबाचं कळलं ना?" अक्काने बाही खाली ठेवली.

"कळलं."

"पडेल?"

"माहीत नाही. म्हणून तर आलेय. चला, अक्का, हात जोडते."

"त्याला बोलू नका. मीच सांगितलं कापायला. दिवसातून दोनदा न्यायचा मला, इतकी वर्षं. गेल्या वर्षी कंबर गेली त्याची. मग चार महिने मी या खोलीतच. ही खुर्ची बोळात शिरायची, पण दोन्हीकडून घासत अडकायची, आणि चाकावर हात असतात ना माझे. बोटं सोलून निघायची."

वरून बटणकाकूंचा आवाज आला, "अठरा नंबर." डोक्यावर पावलं वाजली. बाईने खुर्चीची मूठ धरली. निघायचं सोडून तिने विचारलंच, "तेव्हाच का नाही सांगितलंत मला? आखत होतो तेव्हा?"

"सांगितलं की," अक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही आमच्या जुन्या चाळीच्या गच्चीवर आखत होतात. दोन मजले वर. मी तळाला. खिडकी उघडी होती, सगळं ऐकू यायचं. शिवणखोली नऊ इंच वाढवायची, बोळातून घ्यायचे. हो म्हणणारे हात वर. मग तुम्ही विचारलंत, नको म्हणणारे? मी केला की वर. चांगला खिडकीबाहेर काढला होता. तुम्ही म्हणालात, एकही नाही. मग सगळे हसले, टाळ्या झाल्या."

बाईला ती दुपार स्वच्छ आठवली. छत्तीस इंचांचा बोळ तिने आखला होता, लोकांनी तो सत्तावीस केला, आणि तिने लोकांचं ऐकलं. नऊ इंचांची ही गोष्ट तिने शंभर ठिकाणी सांगितली असेल. त्या गोष्टीवरच तिचं नाव झालं होतं. आता त्याच गोष्टीखाली ती उभी होती. एवढ्या वर्षांत भेग, वाळवी, भूकंप, सगळ्याची धास्ती घेऊन झाली होती. ज्याची घ्यायला हवी होती तेवढीच राहून गेली.

"चला," ती कशीबशी म्हणाली.

तिने खुर्ची ढकलली. बोळात शिरताना चाकाखाली भुकटी करकरली. तिसऱ्या पावलाला वर कुणीतरी धपकन उठलं आणि अक्काच्या केसांत लाल कण पडले. बाई थांबली. पुढे जावं की मागे, काही सुचेना.

"थांबू नका," अक्का पुढे बघत म्हणाली. "इथे थांबून मला काही फायदा झालेला नाही कधी."

बाई चालली. पाच, सहा, सात. चाकांवर अक्काचे दोन्ही हात होते आणि ते कुठेही घासले नाहीत. अंगणातलं ऊन अंगावर आलं तेव्हा बाईला कळलं की ती मघापासून रडतेय. तिने खुर्ची फाटकापर्यंत नेऊनच सोडली.

पावणेपाचला छत्तीसावं घर खाली आलं. बटणकाकूंनी यादी दुमडून बाईच्या हातात दिली आणि बजावलं की घर सातच्या फोटोत सगळ्यांचे डोळे मिटलेत, परत काढावा लागेल. पाच मिनिटांत तुळईखाली सहा टेकू ताठ उभे राहिले. धाकटा आला, टेकूंवर हातोडीने ठोकून बघितलं, भेगेशी बराच वेळ उभा राहिला. "आज पडत नाही," तो म्हणाला. मग मामाचं बोलणं बाईने त्याला सांगितलं, डब्यावरच्या थट्टेचं. तो एकदम पांढराफटक पडला, आणि त्या दिवसापुरता त्याने एकही विनोद केला नाही.

लोकांना आता टेकू दिसत होते. कुजबुज सुरू झाली. साहेबही वेळेवर आले, हातात जाडजूड फाईल. कुणीतरी माइक खाली आणला, खुर्च्या अंगणात आल्या, पुढच्या जागांसाठी नेहमीची ढकलाढकली झाली.

"किरकोळ दुरुस्ती चालू आहे, एवढंच सांग," धाकटा तिच्या कानाशी म्हणाला. "बाकीचं मी साहेबांना नंतर लिहून देतो. पन्नास इमारती आहेत त्या फाईलमध्ये, ताई. तुझं सगळं आयुष्य आहे."

बाईने माइक घेतला. सज्ज्याखाली होती तेव्हा निदान पळावंसं वाटत होतं. आता पळायलाही कुठे जागा नव्हती. समोर सगळी तिचीच माणसं, तिच्याकडे कौतुकाने बघणारी. भिंतीला टेकून मामा उभा होता, चेहरा उतरलेला, शिक्षेची वाट बघत असल्यासारखा.

"या इमारतीत एक चूक आहे," ती म्हणाली. "ती माझी आहे."

साहेबांनी फाईलवरून डोळे वर केले. "खांब कुणी कापला?" त्यांनी विचारलं. त्यांना टेकू बघूनच अंदाज आला असावा.

"तो का कापावा लागला ते विचारा. बोळ मी अरुंद केला. तुम्ही सगळ्यांनी सांगितलंत आणि मी केला. ज्यांना गच्चीवर चढता येत होतं त्यांनाच मी सगळे समजले. एकोणीस वर्षं एक बाई या इमारतीत पाठीवरून ये-जा करत होती आणि मी त्याचा फोटो काढला." तिचा आवाज बारीक होत गेला होता. तिने माइक दोन्ही हातांनी धरला. "खांब पुन्हा अठरा इंचांचा होईल. बोळ छत्तीसचा होईल. शिवणखोलीची भिंत नऊ इंच मागे जाईल. यासाठी मी हात वर करायला सांगणार नाही. आणि साहेब, हा नकाशा पन्नास ठिकाणी बांधू नका."

बटणकाकूंचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. साहेबांनी फाईल बंद केली. धाकट्याने मान खाली घातली. बाईला वाटलं, संपलं एकदाचं, आता खाली बसता येईल.

तेवढ्यात उभ्या असलेल्या सगळ्यांच्या पाठीमागून, फाटकाच्या बाजूने, आवाज आला.

"मोठ्याने बोला, बाई. मागे काही ऐकू आलं नाही."

माणसांनी वळून बघितलं. अक्काच्या आणि माइकच्या मध्ये सव्वाशे पाठी होत्या. कुणाच्या तरी लक्षात आलं, त्याने खुर्ची बाजूला ओढली, मग दुसऱ्याने ओढली. वाट व्हायला थोडा वेळ लागला. नकाशाबाईने तोवर घोटभर पाणी मागून घेतलं, आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगायला सुरुवात केली.